अल्पशा आजाराने नाही

अक्का, तुझ्या फोटोखाली लोकांनी काय लिहिलंय माहितेय? 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' आधी व्हॉट्सॲपवर फिरलं आणि मग रविवारी पुण्यानुमोदनाला मांडवातल्या बॅनरवर पण तेच. मी तुझ्या भाच्याला, राहुलला, बाजूला घेतलं. म्हटलं, अरे कुठला आजार? जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी तर धुळ्याच्या बसस्टँडवर माझ्यासोबत पेरू खात होती, तिखट कमी टाकलं म्हणून पेरूवाल्याशी भांडत होती! तो म्हणाला, "ताई, तसंच लिहितात. बॅनरवाल्याकडे तयारच असतं ते. नाव आणि फोटो तेवढा बदलतो."

वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग लोक एकेक करून तुझ्याबद्दल बोलले. माझं नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला, समोर बघितलं, बॅनर दिसलं, ते शब्द दिसले आणि माझं तोंडच उघडेना. मी, जिचं तोंड कधी मिटत नाही ती! मागून कुणीतरी म्हणालं पण, "अरे, एक्सप्रेस बंद पडली." माईक परत देऊन खाली बसले. सगळ्यांना वाटलं, रडू आलं असेल. रडू नव्हतं ते, भीती होती. कशाची ते इथे लिहिते, कारण मांडवात बोलण्यासारखं नव्हतंच ते. आणि क्रमाने लिहिते. तू म्हणायचीस ना, "एक्सप्रेस, आधीची स्टेशनं सांग, डायरेक्ट मुंबई नको."

पहिलं स्टेशन तूच. एम.ए.चं शेवटचं वर्ष, शाळेतल्या मुलांचं मानसशास्त्र, आणि फील्डवर्कला सुपरवायझर म्हणून तुझं नाव. घरून, मेहरूणमधनं, आईने दिलेला डब्बा, बॅग, गादी, सगळं घेऊन मी धुळ्यात उतरले आणि तुझ्या दारात उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. तू आधी गादीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "शाळेतली पोरं मला अक्का म्हणतात. तू पण म्हण. आणि अक्काला कोणी तुम्ही म्हणतं का?" संपलं. आईला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, अगं गाईडला अरेतुरे करतेस? मी म्हटलं, आई, गाईडचीच ऑर्डर आहे.

त्याच आठवड्यात सरावासाठी तू पोर झालीस आणि मी समुपदेशक. मी सगळे प्रश्न पाठ करून आलेले. झोप लागते का, भूक लागते का, घरी कोण कोण असतं, मित्र कोण, धडाधड. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेलीस. शेवटी म्हणालीस, "मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा तू पुढचा प्रश्न टाकलास." मी म्हटलं, मला दिसलंच नाही. "दिसणार कसं, तू पुढचा प्रश्न आठवत होतीस."

मग सुरू झालं तुझं ते भयंकर प्रॅक्टिकल, जे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं मधे, एका बाजूला तू, एका बाजूला मी, शेंगा फोडायच्या आणि तू बोलल्याशिवाय मी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी हसू. तिसऱ्या दिवशी मी उठून पाणी प्यायला गेले आणि माठाला म्हटलं, "काय गरम होतंय ना?" तू आतून ओरडलीस, "माठाशी पण नाही!"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते संपलेलं नाही. मी म्हणायचे, अक्का, वाट बघणं ही चैन आहे. आपण आठवड्यातनं एक दिवस जातो. पोर पुढच्या आठवड्यात शाळेत असेल कशावरून? सरळ विचारायचं. तू म्हणायचीस, "जीव धोक्यात दिसला तर सरळच विचारायचं, तिथे मी पण थांबत नाही. पण तुला दर वेळी धोका दिसतो, कारण तुला शांतता सहन होत नाही." हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरं पण नव्हतं, अक्का. अजून म्हणते मी.

मग ती शाळा आली. सोनगीरच्या पुढे आत जावं लागतं, गावाचं नाव लिहीत नाही, आणि पोरीचं नाव बदलतेय, इथे ती पूनम. तूच शिकवलंस. शाळेतनं फोन आला होता की प्रार्थनेला पोरी पडतात. एक पडली की तिच्या शेजारची, मग तिच्या मागची. डॉक्टर येऊन गेले होते, रक्त तपासलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. पोरी गोळ्या पण खायच्या आणि पडायच्या पण. गावाचं म्हणणं, शाळेच्या पटांगणाखाली बुजवलेली विहीर आहे आणि तिच्यातली बाई पोरींना ओढते. गेटला लिंबू-मिरच्या लटकत होत्या. हेडसर बिचारे लाजले. "मॅडम, मी विज्ञानाचा माणूस. हे आपलं गावाच्या मनासाठी." तू म्हणालीस, "पण लिंबू ताजं दिसतं सर. रोज कोण बदलतं?" मी खिडकीकडे तोंड करून हसले.

मला अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचं होतं, स्लाइड्स पण तयार होत्या! तू म्हणालीस, "पोरी टाळ्या वाजवतील आणि उद्या परत पडतील." तू दोनच गोष्टी केल्यास. एक, सरांना सांगितलंस की प्रार्थना उभं राहून नको, बसून घ्या, डोळे उघडे ठेवून. आणि दोन, प्रत्येक पोरीला एकच विचारलंस, "तुझ्या आधी कोण पडलं होतं?" हिने तिचं नाव सांगितलं, तिने आणखी तिसरीचं. असं मागे मागे जात सगळी बोटं आठवीतल्या पूनमपाशी येऊन थांबली. पूनमच्या आधी कोणी नाही. बसमध्ये तू म्हणालीस, "बाकीच्या एकमेकींच्या भीतीने पडतात. ही कशाने पडते ते बघायचं."

आपल्याला दिलेली खोली म्हणजे खेळाच्या सामानाची. लेझीम, डंबेल्स, फुटका कॅरम. खिडकीतनं गेट दिसायचं, आणि गेटसमोर मोटारसायकलवर बसलेला तिचा काका. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी काकाकडे. बाकीच्या पोरी घोळक्याने चालत घरी जायच्या आणि हिला घ्यायला रोज माणूस. तू पहिल्याच दिवशी मला हळूच म्हणालीस, "चांगलं आहे का वाईट ते आत्ता ठरवायचं नाही. पण बघून ठेव."

किती आठवडे ती शेंगा फोडत बसली आणि बोलली नाही! मी तर मनातल्या मनात हजार प्रश्न विचारून झाले होते. आणि मग त्या गुरुवारी, शेंग फोडता फोडता, मान खालीच, म्हणाली, "मनी ताई तापघाई नही गयी."

माझी ताई तापाने नाही गेली.

मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं की तिला बहीण होती. माझं तोंड उघडलं, 'मग कशाने?' अगदी जिभेवर, आणि तुझा हात माझ्या गुडघ्यावर आला. घट्ट. ती थांबली, तू थांबलीस. खोलीत शेंगा फुटल्याचा आवाज पण नाही. बाहेर हॉर्न वाजला. पूनम उठली, मांडीवरची टरफलं झटकली, गेली.

बसमध्ये मी तुझ्यावर किती ओरडले. कंडक्टर पण वळून बघत होता. "मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं! हॉर्नच्या आधी!"

"आणि सांगून ती कुठे गेली असती?" तू म्हणालीस. "त्याच गाडीवर, त्याच माणसाच्या मागे बसून."

"मग पुढच्या गुरुवारी काय, हेलिकॉप्टर येणारे?"

तू हसली नाहीस. खिडकीतनं सोनगीरचा किल्ला मागे जाईपर्यंत बघत राहिलीस आणि म्हणालीस, "त्याचीच सोय करते. मला दोन दिवस दे."

शुक्रवारी तू बालकल्याण समितीतल्या मॅडमना भेटून आलीस, पेरू त्यानंतरचाच. मी अजून फुगलेलीच होते. तू तुझ्या पेरूची मोठी फोड मला दिलीस आणि म्हणालीस, "भांडण सोमवारी पूर्ण करू, मला मुद्दा सापडलाय." काय मुद्दा, सांगितलं नाहीस. मुद्दाम! मला तडफडायला लावायला!

शनिवारी सकाळी राहुलचा फोन. चहाचं पाणी ठेवलंस, खुर्चीत बसलीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी आले तेव्हा ओट्यावर दोन कप काढलेले होते. दुसरा कुणाचा ते मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी मला जायचं नव्हतं. खरंच नव्हतं. विभागातल्या सरांना फोन करून पूनमचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या अक्काने समितीला सांगून ठेवलंय, नवीन सुपरवायझर मिळेपर्यंत तू नुसती जा, बस, खोदू नकोस, काही वाटलं तर लगेच फोन. मी खोलीत गादीवर बसून होते आणि मला तू ऐकू येत होतीस. माझ्या पहिल्यावहिल्या सेशनच्या सकाळी मी घाबरून बसले होते तेव्हा तू दारात उभी राहून जे म्हणाली होतीस ते. "भ्याव वाटस ना? वाटू दे. चप्पल घाल." मी चप्पल घातली.

बस उशिरा आली. मी गेटपाशी पोचले तेव्हा प्रार्थनेची वेळ होती आणि प्रार्थना ऐकू येत नव्हती. पोरांनी भरलेली शाळा आणि एका पोराचा आवाज नाही. आत बघते तर सगळे उभे. हेडसर चांगला माणूस गं, मनापासून केलं त्यांनी. खुर्चीवर तुझा फोटो, झेंडूची फुलं, अगरबत्ती. माइकवर म्हणत होते, "आपल्या शाळेवर माया करणाऱ्या मॅडम अल्पशा आजाराने आपल्यातून निघून गेल्या आहेत. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

उभं राहून, अक्का. श्रद्धांजली बसून कशी द्यायची, म्हणून उभं केलं सगळ्यांना. मान खाली, डोळे मिटून.

मी गेटवरून पळत सुटले आणि तेवढ्यात पहिला आवाज आला, धप्. पूनम. मग तिच्या बाजूची. मग कोण कुठे पडतंय कळेना, लावलेली बाकं कलंडावीत तशी रांगच्या रांग कलली. आणि पोरी ओरडायला लागल्या, "मॅडमले बी धरं! मॅडमले बी धरं!" मॅडमला पण धरलं. त्या विहिरीतल्या बाईने. तू त्यांना बरं करायला आलीस आणि तिने तुलाच नेलं, असं झालं ना त्यांच्यासाठी. तू मेलीस, तो त्यांचा पुरावा.

मराठीच्या बाई पूनमच्या तोंडावर पाणी मारत होत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा पण असंच झालं होतं हो. हिच्या बहिणीच्या वेळी."

"कोणत्या वेळी?"

"श्रद्धांजलीच्या. दहावीत होती ती, आपल्याच शाळेत. सर बोलले, सगळे उभे राहिले आणि ही खाली."

"सर तेव्हा काय बोलले होते?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मलाच चक्कर आलीय. "काय म्हणजे? अल्पशा आजाराने गेली म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

आपण सगळ्यांना विचारलं, कोणाच्या आधी कोण पडलं. पण ही कधी पडली ते कोणाला धड आठवत नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी, म्हणायचे. आता कळलं. भर पटांगणात, सगळ्या शाळेसमोर, माइकवरून कोणीतरी खोटं सांगतंय, हिला एकटीला माहितेय की खोटं आहे, आणि वर दोन मिनिटं गप्प उभं राहायचंय. आणि आता तेच पटांगण, तेच सर, तेच शब्द, आणि फोटो तुझा.

विहीर नव्हतीच गं. शांतता होती.

पूनमला त्या सामानाच्या खोलीत आणलं. दार अर्धं उघडं, बाहेर मराठीच्या बाई. टोपलं मधे ठेवलं पण तिने शेंगांना हात लावला नाही. माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. आणि विचारलं तिनेच.

"मॅडम आजारी व्हत्या?"

तुझा नियम, पोराशी खोटं नाही. म्हटलं, "नाही. आजारी नव्हत्या. त्यांचं हृदय अचानक बंद पडलं. घरी, सकाळी. मी स्वतः गेले होते, मी पाहिलंय."

"कोणी मारं नही?"

"नाही. कोणी नाही मारलं."

मग हळूच, "मी सांगं म्हनीसन गयात का?"

म्हणजे हे घेऊन बसली होती ती. की तिने सांगितलं आणि तू ऐकलंस, म्हणून तू गेलीस. मला वाटलं तिला पोटाशी धरावं, वाटलं रडावं, वाटलं भडाभडा बोलावं, हृदयाचा झटका म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं. मी फक्त "नाही पूनम" म्हटलं. आणि गप्प बसले. उचकी नाही, हसू नाही, माठ नाही. तुझी शप्पथ.

मग ती म्हणाली, "तू बी मरी जाशी का, माले ऐकीसन?"

अक्का, खरं सांगते, त्या क्षणी मी घाबरले. एम.ए. होत आलेली मी, स्लाइड्स बनवणारी मी, मला डाव्या हाताला मुंग्या आल्या. खिडकीबाहेर, पोरी पडल्याचं कळून आलेला तिचा काका मोटारसायकलवर बसलेला. मी म्हटलं, "मरेन कधीतरी. सगळेच मरतात. पण तुझं ऐकून नाही मरणार."

तिने विचार केला. खरंच विचार केला, दुकानात भाव ऐकून माणूस करतो तसा. आणि म्हणाली, "पुढला गुरुवारले ये. जित्ती उनी तं बठ्ठं सांगसू."

पुढच्या गुरुवारी ये. जिवंत आलीस तर सगळं सांगेन.

हॉर्न वाजला. ती गेली. मी नाही अडवलं, नाही विचारलं. बाहेर येऊन पहिला फोन समितीच्या मॅडमना केला, दुसरा विभागातल्या सरांना. आणि मग कळलं, तू शुक्रवारी काय करून गेलीस ते. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई लोहाच्या गोळ्यांच्या निमित्ताने रोज त्या घरी डोकावतात, पोरीला समोर बोलावून गोळी खाऊ घालतात, रात्री कोणाजवळ झोपतेस ते विचारतात. ती घरातल्या म्हाताऱ्या आजीजवळ झोपते. तिला कुठे बाहेरगावी नेतायत असं वाटलं तर कोणाला कळवायचं, ते पण ठरलंय. दोन दिवस मागितले होतेस आणि एकाच दिवसात सगळं केलंस. बसमधल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू असं दिलंस, मला न सांगता. थँक्यू म्हणू का शिव्या देऊ?

आता आठवडाभर माझं काम काय, तर जिवंत राहणं. हसू नकोस. स्कूटी राहुलकडे ठेवून दिलीय. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते, परत बघते. परवा शिंक आली तर थर्मामीटर शोधायला निघाले. आई फोनवर म्हणाली, "आवाज असा का, आजारी आहेस का?" आणि मी किंचाळले, "आई, तो शब्द नको!" ती घाबरून लगेच धुळ्याला यायला निघाली, तिला कसंबसं थांबवलं. मला माहितेय हे सगळं वेडं आहे. पण एका पोरीने सगळ्या जगाची परीक्षा माझ्या जिवावर लावलीय. मी नाही पोचले, साधी बस चुकली तरी, तिच्यासाठी ते सिद्ध झालं. मग ती कोणालाच सांगणार नाही, कधीच.

आणि म्हणून त्या मांडवात, तुझ्या फोटोखाली ते शब्द बघून माझी वाचा गेली. मला वाटलं, असंच छापतात. कोण कशाने गेलं ते कोणी विचारू नये म्हणून नाही, नुसती सवय म्हणून. बॅनरवाल्याकडे तयारच असतं. त्या सवयीखाली ती दहावीतली पोरगी कुठे गेली, कोणी वळून बघितलं नाही.

आज बुधवार. हे लिहिताना मधेच हेडसरांचा फोन आला. उद्या प्रार्थना बसूनच घेणार म्हणाले, फोटो उचलून ठेवलाय, खोलीत खुर्च्या लावल्यात. मग थोडं थांबून म्हणाले, "पूनमचे काका आले होते मॅडम. विचारत होते, त्या धुळ्याच्या मॅडम उद्या किती वाजता येतात, कोणत्या बसने येतात. सहजच."

"तुम्ही काय सांगितलं सर?"

"नेहमीचीच वेळ सांगितली. का हो?"

मी बसने जाणार नाहीये अक्का. समितीच्या मॅडमना लगेच फोन केला, त्यांची गाडी सकाळी लवकर मला घ्यायला येणार. त्या बाहेर बाईंसोबत बसतील, आत मी एकटी. ती बोलली की या वेळी तिला त्या मोटारसायकलवर परत पाठवायचं नाही, तेही ठरलंय. आणि मला आत्ता सुचतंय, बसमध्ये तू एवढंच म्हणत होतीस बहुतेक. विचारायचं नाही असं नाही, विचारल्यावर तिला उतरायला जागा हवी. हाच होता का तुझा मुद्दा? सोमवारचा? का वेगळाच होता? बघ, भांडण अर्धं टाकून गेलीस, आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडत बसते.

टाइप चुकतंय, तीन-तीनदा खोडतेय. शेंगा आणल्यात, टोपलं भरून ठेवलंय. उद्या ती बोलायला लागली की मी मधे एक शब्द बोलणार नाही. आणि ती थांबली तर या वेळी मी विचारणार, 'मग कशाने?' तुझा हात गुडघ्यावर नसेल. असता तरी विचारलं असतं.

भ्याव वाटतंय अक्का. वाटू देते. चप्पल दाराशी काढून ठेवलीय.